खेळासाठी डोंगर उभा करायला शिकवताना: टेरेनचं ट्युटोरियल लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टेरेन, म्हणजे खेळातली जमीन, बनवायला शिकवणारी ट्युटोरियल भरपूर आहेत, पण शेवटपर्यंत नेणारी कमी. नवा माणूस साधारण तिसऱ्या-चौथ्या पायरीला अडकतो. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर सुबक डोंगर दिसत असतो आणि याच्याकडे मात्र एकतर सगळं सपाट, नाहीतर सुळकेच सुळके. चूक कुठे झाली हे त्याला शोधता येत नाही, कारण लेखात "आता हाइटमॅप इम्पोर्ट करा" एवढंच असतं. (हाइटमॅप म्हणजे जमिनीची उंची करड्या छटांत साठवलेली प्रतिमा.) फाइल किती बाय किती, किती बिटची, उंचीच्या रकान्यात कोणता आकडा, हे लिहिणाऱ्याच्या हातात इतकं बसलेलं असतं की ते लिहायचं राहूनच जातं.

खेळ बनवणाऱ्यांच्या समूहात मदत मागायला येणाऱ्या नव्या मुलामुलींचे प्रश्न मी बराच काळ सोडवत आलो आहे. त्यातले बहुतेक प्रश्न त्यांच्या समजुतीचे नसतात, त्यांनी वाचलेल्या लेखातल्या गाळलेल्या जागांचे असतात. म्हणून हा लेख ट्युटोरियल लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझा आग्रह एकच आहे: प्रत्येक पायरीनंतर वाचकाला स्वतःचं स्वतः तपासता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्या.

नुसता उपदेश करून हे कळणार नाही, म्हणून एक उदाहरण धरून चालतो. अनरिअल इंजिन ५ या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हरिश्चंद्रगडाच्या परिसरावर बेतलेली लेव्हल (खेळाडू फिरतो ती जागा) कशी करायची, असं ट्युटोरियल तुम्हाला लिहायचं आहे असं समजू. युनिटी किंवा गोडो ही दुसरी इंजिनं वापरत असाल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

सुरुवातीला जवळ काय हवं

- अनरिअल इंजिन ५, आणि त्याचा पूर्ण आवृत्ती क्रमांक कुठे तरी लिहून ठेवलेला. नुसतं "५" पुरत नाही, मधल्या आवृत्त्यांमध्ये मेनू जागा बदलतात.
- क्यूजीआयएस. नकाशांचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे.
- यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर खातं, तेही मोफत. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट-१ वरून केलेलं उंचीचं मॉडेलही मिळतं.
- १६ बिट प्रतिमा उघडणारा एखादा चित्रसंपादक. क्रिता किंवा गिंप चालेल.
- पडदा चित्रित करायला ओबीएस स्टुडिओ.
- एक वही. प्रत्यक्ष काम करताना टाकलेला प्रत्येक आकडा तिथेच लिहा. नंतर आठवून लिहिलेले आकडे हमखास चुकतात.

१. आधी खेळाडू मोजा, मग डोंगर

बहुतेक ट्युटोरियल ब्रशपासून, म्हणजे जमीन वर-खाली करायच्या हत्यारापासून, सुरू होतात. लेव्हल डिझाइनसाठी ही सुरुवात चुकीची आहे. जमीन चालण्यासाठी आहे, तेव्हा चालणारा कसा आहे हे आधी सांगा.

अनरिअलमध्ये खेळाडूचा मूळ वेग सेकंदाला ६०० सेंटिमीटर असतो, म्हणजे ६ मीटर. एक किलोमीटरची जमीन तो तीन मिनिटांच्या आत ओलांडतो. चढता येण्याची मर्यादा मुळात सुमारे ४४.७६ अंशांची असते आणि पायरी चढण्याची उंची ४५ सेंटिमीटर. युनिटीचा कॅरेक्टर कंट्रोलर आणि गोडोचा कॅरेक्टरबॉडी३डी यांची उताराची मूळ मर्यादा ४५ अंश आहे. हे आकडे लेखाच्या पहिल्याच भागात यायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

वाचकाला इथेच एक छोटं काम द्या. रिकाम्या लेव्हलमध्ये १०० मीटर अंतरावर दोन ठोकळे ठेवायचे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत धावत जाऊन वेळ मोजायची. सतरा सेकंदांच्या आसपास उत्तर आलं तर त्याचं प्रोजेक्ट तुमच्या प्रोजेक्टसारखंच आहे. फार वेगळं आलं तर वेग कुठेतरी बदललेला आहे, आणि ते पुढे जाण्याआधी कळलेलं बरं.

२. वाचकाच्या ओळखीचा डोंगर घ्या

काल्पनिक बर्फाळ शिखर शिकवायला सोपं वाटतं, पण ते चुकलं तरी वाचकाला कळत नाही. सह्याद्रीचं तसं नाही. मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांनी हरिश्चंद्रगड पायी पाहिलेला असतो. पश्चिमेला कोकणात तुटलेला कोकणकडा, पूर्वेला देशाकडे तुलनेनं सौम्य होत जाणारा भाग, हे त्यांच्या डोळ्यांत असतं. इम्पोर्ट केल्यावर कडा पूर्वेला दिसला तर प्रतिमा उलटी पडली आहे, आणि डोंगराच्या जागी खड्डा दिसला तर काळं-पांढरं अदलाबदल झालं आहे. हे वाचक एका नजरेत ओळखतो.

लेव्हल डिझाइन शिकवायलाही हा गड फार चांगला आहे. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून टोलारखिंडीची लांबची, आणि कोकणातल्या बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट अवघड. माथा एकच आणि चढायच्या वाटा वेगवेगळ्या कसाच्या. खेळाडूला निवड द्यायची म्हणजे काय, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

३. पायरी तीन भागांत लिहा

पुढच्या तांत्रिक भागाआधी लिहिण्याची पद्धत ठरवून घ्या. प्रत्येक पायरीत तीन गोष्टी हव्यात: काय करायचं, का करायचं, आणि झाल्यावर काय दिसायला हवं.

"लँडस्केप मोडमध्ये जा" हे अपुरं आहे. असं लिहा: "शिफ्ट आणि २ एकत्र दाबा. जमिनीची हत्यारं याच मोडमध्ये आहेत. डावीकडे मॅनेज, स्कल्प्ट आणि पेंट असे तीन टॅब दिसले पाहिजेत." टॅब दिसले नाहीत तर वाचक तिथेच थांबेल आणि त्याला नेमका प्रश्न विचारता येईल.

"का" गाळायचा मोह होतो, कारण लेख लांबतो. गाळू नका. वाचक तुमचा डोंगर नुसता नकलायला आलेला नाही, उद्या त्याला स्वतःचा करायचा आहे. कारण कळलं असेल तर तो आकडा बदलू शकतो.

बटणांची आणि रकान्यांची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवा. बाकी सगळं खुशाल साध्या बोलत्या मराठीत लिहा.

४. उंचीची खरी माहिती आणि तिच्या मर्यादा

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानानं अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती एसआरटीएम माहिती आज मोफत मिळते. एका अंशाच्या चौकोनाची एक फाइल असते, ३६०१ बाय ३६०१ ठिपक्यांची, आणि दोन ठिपक्यांत साधारण ३० मीटर अंतर असतं. एन१९ई०७३ या एकाच फाइलमध्ये हरिश्चंद्रगड, रतनगड आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई हे तिन्ही येतात. हा तपशील लेखात द्या, वाचकाचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

आता सापळे, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच पडतो.

पहिला सापळा अक्षांश-रेखांशाचा. फाइल अंशांमध्ये असते. आपल्या अक्षांशावर एक अंश पूर्व-पश्चिम अंतर उत्तर-दक्षिण अंतरापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरतं. तशीच प्रतिमा वापरली तर डोंगर आडवा ताणला जातो. क्यूजीआयएसमध्ये रास्टर मेनूतून वार्प वापरून ती यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रक्षेपात आणायला सांगा, त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. एसआरटीएममधल्या उंची पूर्ण मीटरमध्ये असतात, ८१२ किंवा ८१३, मधलं काही नाही. याच रूपात प्रतिमा मोठी केली तर पठारावर एकेक मीटरच्या पायऱ्या उमटतात आणि वाचकाला वाटतं ब्रश चुकला. म्हणून वार्प करतानाच आउटपुटचा प्रकार फ्लोट३२ आणि रिसॅम्पलिंग क्युबिक ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट सापळा नाही, मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणे लिहायला हवी. आपण गडाभोवतीचा सहा किलोमीटरचा चौकोन घेतला तर त्यात एका बाजूला खरे मोजलेले ठिपके फक्त दोनशेच्या आसपास आहेत. ओढे, बांध, पाऊलवाटा, कड्याची धार यातलं काहीही त्यात नाही. कोकणकड्यासारखा कडाही ३० मीटरच्या ठिपक्यांत बोथट होऊन तीव्र उतार म्हणून येतो. खऱ्या माहितीतून डोंगराचा सांगाडा मिळतो. लेव्हल हातानंच करावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर इम्पोर्ट केल्यावर वाचकाची निराशा होते आणि तो पुढचं वाचत नाही.

५. चार आकडे जे कधीही गाळायचे नाहीत

*प्रतिमेचा आकार.* अनरिअलची जमीन तुकड्यातुकड्यांनी बनते, त्यामुळे कुठलाही आकार चालवून घेतला की कडेला भर पडते नाहीतर काही भाग कापला जातो. ५०५, १००९, २०१७, ४०३३, ८१२९ हे नीट बसणारे आकार आहेत. शिकवायला १००९ घ्या: ६३ चौकोनांचा सेक्शन (लहान तुकडा), दर कंपोनंटला (मोठ्या तुकड्याला) २ बाय २ सेक्शन, आणि ८ बाय ८ कंपोनंट. वाचकाला गुणाकार करून दाखवा: ६३ गुणिले २ गुणिले ८ म्हणजे १००८ चौकोन, आणि त्यांना १००९ बिंदू लागतात. एकदा हे कळलं की तो यादी पाठ करत नाही. युनिटीत दोनच्या घातात एक मिळवायचा असतो: ५१३, १०२५, २०४९.

*बिट.* प्रतिमा १६ बिट करड्या रंगाची पीएनजी हवी. आठ बिटमध्ये उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मावतात, सोळामध्ये ६५,५३६. दोनशे मीटरच्या डोंगरात आठ बिटची प्रत्येक पातळी जवळजवळ ८० सेंटिमीटरची होते, आणि सलग उताराच्या जागी पायऱ्या उमटतात. इथे एक ताकीद ठळक लिहा: हाइटमॅप मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जाऊन आठ बिटचा होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून किंवा झिप करून.

क्यूजीआयएसमधून अशी पीएनजी काढताना ट्रान्सलेट वापरतात. आउटपुटचा प्रकार यूइंट१६ ठेवायचा, आणि अतिरिक्त पॅरामीटरच्या चौकटीत स्केल हा पर्याय देऊन चार आकडे लिहायचे: तुकड्यातली किमान उंची, कमाल उंची, ० आणि ६५५३५. ही ओळ लेखात मजकूर म्हणून द्या. स्क्रीनशॉटमधून ती कॉपी करता येत नाही, आणि हातानं टाइप करताना एक स्पेस चुकली तरी काम अडतं.

*आडवं माप.* एक्स आणि वायचा स्केल १०० असला की दोन बिंदूंमध्ये एक मीटर अंतर येतं. आपला सहा किलोमीटरचा चौकोन ६ मीटरच्या ठिपक्यांनी १००९ मध्ये बसवला, तर ६०० स्केलला तो खऱ्या मापाचा होतो. पण सहा किलोमीटर तुडवावेत इतकं करण्या-बघण्यासारखं नव्या माणसाच्या लेव्हलमध्ये नसतं. माझं मत, १०० ठेवा आणि गड एक-षष्ठांश करा.

*उभं माप.* झेडचा स्केल १०० असताना अनरिअलची पूर्ण उंची ५१२ मीटर असते. तेव्हा सूत्र सोपं आहे: हवी ती उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ५१२ नं भागा. समजा तुकड्यातला सर्वांत खालचा आणि वरचा फरक १,२०० मीटर निघाला. खऱ्या मापाला १,२०,००० भागिले ५१२, म्हणजे २३४.३७५. पण आपण आडवं माप सहापट कमी केलंय, तर उंचीही सहापट कमी व्हायला हवी: २०० मीटर, म्हणजे ३९.०६२५. हेच विसरलं की सुरुवातीला म्हटलेले सुळके तयार होतात. आडवं आकसतं, उभं तसंच राहतं, आणि प्रत्येक टेकडी चढण्यापलीकडे जाते.

तपासणी अशी द्या: माथ्यावर आणि पायथ्याला एकेक ठोकळा ठेवायचा आणि दोघांच्या झेड किमतींतली वजाबाकी बघायची. २०,००० च्या जवळ आली पाहिजे.

६. चालून बघायला लावा

एक मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंच्या उंचीत ९९ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की मूळ सेटिंगमधला खेळाडू तिथे उभा राहू शकत नाही. हे एक वाक्य वाचकाला दिलं की त्याला उताराचं गणित हातात आल्यासारखं होतं. मग त्याला पाचनईच्या बाजूनं माथ्यापर्यंत चालायला सांगा. जिथे पाय घसरतो तिथे खूण करायची, खुणेजवळ रॅम्प हत्यारानं दोन बिंदू देऊन वाट काढायची आणि स्मूथचा ब्रश हलक्या ताकदीनं फिरवायचा. नळीच्या वाटेला उलट काम: उतार मुद्दाम मर्यादेच्या जवळ ठेवायचा आणि मध्ये दम घ्यायला फ्लॅटननं छोटे टप्पे करायचे. सह्याद्रीच्या कातळात लाव्हाच्या थरांमुळे असे टप्पे मुळात असतातच, त्यामुळे ते ओढूनताणून केलेले दिसत नाहीत.

कोकणकड्याच्या बाजूला कुठूनही वर येता येत नाही ना, हेही तपासायला लावा. खेळाडू तिरकं चढत, उड्या मारत वाट काढतो. बंद ठेवायचा उतार नुसता तीव्र असून भागत नाही, मधली प्रत्येक पायरी काढून टाकावी लागते.

७. हाइटमॅपला जे जमत नाही

हाइटमॅपमध्ये एका जागेला एकच उंची असते. त्यामुळे आत वळलेला कडा, गुहा, बोगदा यातलं काहीच त्यात मांडता येत नाही. कोकणकडा मधोमध आत गेलेला आहे, आणि केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात शिवलिंग आहे. दोन्ही नुसत्या ब्रशनं होणार नाहीत. कड्यासाठी खडकांचे वेगळे मेश (त्रिमितीय आकार) जमिनीत रोवायचे. गुहेसाठी व्हिजिबिलिटी हत्यारानं जमिनीला भोक पाडायचं, आत गुहेचा मेश ठेवायचा आणि तोंडाशी दगड ठेवून सांधा झाकायचा.

हे लेखाच्या शेवटी टीप म्हणून टाकू नका. "गुहा कशी खोदू?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत तासन् तास ब्रश फिरवत बसतो.

८. रंगकाम थोडक्यात

नव्या माणसासाठी गवत, माती, कातळ एवढे तीन थर पुरेत. प्रत्येक थराला लेयर इन्फो (थराची नोंद ठेवणारी फाइल) तयार केल्याशिवाय रंग चढत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहा. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) वाढले की मटेरियल सोळा सॅम्प्लरच्या (टेक्स्चर वाचणाऱ्या जागांच्या) मर्यादेला अडतं, तेव्हा सॅम्प्लर सोर्स "शेअर्ड: रॅप" करायचा. तीव्र उतारावर टेक्स्चर ओघळल्यासारखं ताणलं जातं, तिथे ट्रायप्लॅनर मॅपिंग (तीन दिशांनी टेक्स्चर चढवणं) किंवा सरळ खडकाचे मेश. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या दोन्ही ठिकाणचे टेक्स्चर सीसी० (मुक्त वापराच्या) परवान्याचे आहेत, तेच सुचवा. कुठून तरी उचललेलं टेक्स्चर उदाहरणाच्या फायलीत वाटलं तर वाचकही अजाणता अडचणीत येतो.

९. चित्रं आणि फायली

प्रत्येक पायरीला चित्र नको. जिथे आकडा टाकायचा आहे आणि जिथे निकाल दिसायला हवा, तिथे द्या. चित्र रकान्यापुरतं कापा, पूर्ण पडद्याच्या चित्रात फोनवर वाचणाऱ्याला काही दिसत नाही. निम्म्याहून अधिक वाचक फोनवर वाचतात आणि शेजारी संगणकावर काम करतात असं धरूनच लिहा. व्हिडिओ फक्त हाताच्या हालचालीसाठी ठेवा, म्हणजे ब्रश किती ताकदीनं आणि किती वेगानं फिरवायचा ते दाखवायला. आकडे व्हिडिओत अडकवले तर शोधता येत नाहीत.

तयार हाइटमॅप सोबत द्या, म्हणजे क्यूजीआयएसमध्ये अडलेला वाचक पाचव्या पायरीपासून पुढे जाऊ शकतो. १००९ ची १६ बिट प्रतिमा दाबण्याआधीही सुमारे २ एमबीचीच असते. ८१२९ ची मात्र १३२ एमबीपर्यंत जाते, आणि फायली ठेवायचं संकेतस्थळ गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी एकेरी फाइल घेतच नाही. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पायरीनंतरचं प्रोजेक्ट वेगवेगळं साठवून दिलंत तर वाचकाला स्वतःचं काम ताडून बघता येतं.

१०. प्रसिद्ध करण्याआधी एकाला करायला द्या

ज्यानं अनरिअल कधी उघडलेलं नाही असा एक जण शोधा. धाकटी बहीण, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा, कुणीही. त्याच्या शेजारी बसा आणि बोलू नका. तो विचारेल, "दादा, हे कुठंय?" उत्तर द्यायच्या आधी तो प्रश्न आणि पायरीचा क्रमांक वहीत लिहा. तुम्ही तोंडानं जे सांगणार होतात तेच वाक्य लेखात कमी आहे.

तो ज्या पायरीला परत मागे जाऊन वाचतो ती पायरी दोन भागांत तोडा. जिथे तो तपासणी न करताच पुढे जातो, तिथली तपासणी बहुधा फार लांब आहे, ती एका ओळीत आणा. आणि त्याचा गड तुमच्या गडासारखा झाला नाही, तर त्याच्या वहीतले चार आकडे तुमच्या चार आकड्यांशी लावून बघा. फरक तिथेच सापडतो.

लेखाच्या माथ्यावर इंजिनची पूर्ण आवृत्ती आणि शेवटचं तपासल्याची तारीख टाका. नवी आवृत्ती आली की पाचवी पायरी एकदा स्वतः करून बघा, मगच ती तारीख बदला.